घरी नैसर्गिक हँड सॅनिटायझर: कडुनिंब, तुळस, संत्र्याची सालं चालतील का? नेमकी मापं हवी आहेत

सायली_मानेवाडा
नमस्कार मंडळी. एक बाटली घरासाठी करायची आहे आणि एक दिरांच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यासाठी. कडुनिंब, तुळस, तुरटी, कापूर उकळून गाळायचं, ही कृती सगळीकडे फिरून राहिली आहे. घरात संत्र्याची वाळलेली सालं आहेत, कुंडीत कोरफड आहे. स्पिरिट न घालता जमलं तर उत्तम. हात जळजळायला नकोत, घरात लहान पोरं आहेत.

रसशाळा
ताई, स्पिरिटशिवाय जमत नाही. सॅनिटायझरकडून एकच काम हवं असतं: हात ओला आहे त्या २०-३० सेकंदांत जंतू मेले पाहिजेत. कडुनिंब-तुळशीच्या काढ्यात तेवढा जोर नाही. तुरटीने कातडी आवळते, तेवढंच. कापूर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, वर तरंगत राहतो, आणि लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. पोरं असलेल्या घरात ही कृती करूच नका. शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात काढा बाहेर ठेवला की लगेच आंबतो, मग तुम्ही जंतूंचंच पाणी हाताला लावता.

अल्कोहोल किमान ६० टक्के हवं. नैसर्गिकपणाचीच काळजी असेल तर इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, आपल्याकडे उसाच्या मळीपासूनही होतं.

सगळ्यात सोपी कृती: औषधाच्या दुकानातून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणा. १०० मिलीत दीड मिली ग्लिसरीन घाला, हलवा. झालं. पाणी, गुलाबजल, काढा यातलं काहीही वरून घालायचं नाही.

९९ टक्क्यांचं मिळालं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाने २५० मिलीची बाटली अशी होते:
आयसोप्रोपिल १८८ मिली,
३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १०.५ मिली,
ग्लिसरीन ३.६ मिली,
उकळून गार केलेलं पाणी २५० च्या खुणेपर्यंत.

पाणी मोजून ओतू नका, खुणेपर्यंतच भरा. अल्कोहोल आणि पाणी मिसळलं की एकूण माप थोडं आकसतं. ग्लिसरीन सुईशिवायच्या सिरिंजने घ्या आणि शेवटचा थेंब सुटेपर्यंत थांबा, नाहीतर निम्मं तिथेच चिकटून राहतं. पेरॉक्साइडच्या बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलं असेल तर ते साधारण ६ टक्क्यांचं असतं, मग ५ मिलीच घ्या. पेरॉक्साइड हाताच्या जंतूंसाठी नाही, बाटलीत आणि पाण्यात राहिलेल्या बीजाणूंसाठी (जंतूंची चिवट, सुप्त रूपं) आहे. म्हणून झाकण लावून ७२ तास ठेवायचं आणि मगच वापरायला काढायचं.

बुर्डीवाला_भाऊ
९९ टक्के जास्त कडक, मग पाणी कशाला घालायचं? आणि पेटवून पाहिलं तर कळत नाही का चांगलं आहे की नाही?

रसशाळा
भाऊ, जंतूचं प्रथिन मोडायला अल्कोहोलसोबत पाणी लागतंच, आणि ९९ टक्क्यांचं हातावरून लगेच उडून जातं. पेटवून काही कळत नाही, ५० टक्क्यांचंही पेटतं. माप नीट घेणं हीच परीक्षा. रंगाच्या दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट मात्र हाताला लावू नका, त्यात मिथेनॉल असू शकतं. मोहाची किंवा बाटलीबंद दारूही नको, ती साधारण ४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमीच असते.

परिचारिका_ताई
कोरफडीबद्दल लिहिते. ७० टक्क्यांच्या १०० मिलीत ५० मिली गर घातला की अल्कोहोल ४७ टक्क्यांवर येतं. दिसायला छान जेल, कामाला शून्य. ९९ टक्क्यांचं वापरलं तर ६६ टक्के उरतं, पण ताजा गर कडक अल्कोहोलमध्ये फाटतो, पांढरे धागे तळाशी बसतात आणि पंप तुंबतो.

कोरफड वेगळीच लावा, सॅनिटायझर वाळल्यावर. पान कापून १०-१५ मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक गळू द्या, तो झोंबतो. गर काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर टिकतो. हात फारच कोरडे पडत असतील तर रात्री खोबरेल.

सायली_मानेवाडा
आणि संत्र्याची सालं? लिंबाचा रसही सुचवला कोणी तरी.

परिचारिका_ताई
लिंबू अजिबात नको. रस हाताला लागून उन्हात गेलं की काळे डाग पडतात, कधी फोडही येतात. संत्र्याची सालं स्पिरिटमध्ये भिजवली तर वास छान येतो, पण त्यातलं लिमोनिन (सालीच्या तेलातला वासाचा घटक) हवेत जुनं झालं की संवेदनशील कातडीला खाज सुटते. ओली सालं घातली तर पाणी वाढतं ते वेगळंच. आणि गोड वासाची बाटली पोरं तोंडाला लावतात. बिनवासाचीच ठेवा, नाव लिहून, उंचावर.

रसशाळा
सालं भांडी घासायला वापरा, तिथे ती खरंच कामाची आहेत.

इतवारी_किराणा
ठेल्याचं वेगळं आहे, ताई. तर्रीचं तेल हाताला लागलं की सॅनिटायझर कातडीपर्यंत पोचतच नाही. जुलाब-उलट्यांचे नोरोव्हायरससारखे काही विषाणूही अल्कोहोलला सहज दाद देत नाहीत. तिथे साबण-पाणीच हवं. तोटीचा २० लिटरचा कॅन, खाली बादली, आणि दीड लिटरच्या बाटलीत पाणी व ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर. झाकणाला दाभणाने भोक पाडा, दाबलं की साबणाची धार येते. हात २० सेकंद चोळायचे, नखांत आणि अंगठ्याच्या बुडाशीही, मग भरपूर पाण्याने धुवायचे.

वनस्पतीचंच हवं असेल तर रिठा. इतवारीत जडीबुटीच्या दुकानात मिळतो. बिया काढलेली १०-१२ सालं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १५ मिनिटं उकळा, कुस्करून गाळा. फेस कमी येतो पण तेलकटपणा निघतो. हा धुण्यासाठी आहे, हाताला लावून सोडायचा नाही. डोळ्यांत गेला तर खूप झोंबतो. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, बाहेर ठेवू नका.

बुर्डीवाला_भाऊ
सॅनिटायझरची बाटली ठेल्यावर शेगडीजवळ ठेवली तर?

रसशाळा
नाही भाऊ, अजिबात नाही. याची वाफ २० अंशांच्या खालीही पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. उन्हात उभ्या कारमध्ये किंवा स्कूटरच्या डिक्कीतही नको. हात पूर्ण वाळल्याशिवाय गॅस किंवा दिवा लावू नका. स्प्रेपेक्षा पंपाची बाटली बरी, फवारा नाकात जातो.

अजून एक. कूलरच्या झोतासमोर उभं राहून लावलं तर आठ-दहा सेकंदांतच हात वाळतो आणि जंतू तसेच राहतात. झोतातून बाजूला व्हा, तळहाताच्या खळग्यात ३ मिली घ्या आणि २० सेकंद हात ओला राहील असं चोळा. त्याआधीच वाळला तर परत घ्या.