विषय: फोंड्यातली एट हंड्रेड घाटात रुसते

नमस्कार मंडळी,
चवथीला फोंड्यात आलोय. बाबांची मारुती ८००, १९९८ची, कार्बोरेटरवाली. बाजार, देऊळ, फर्मागुडी, कुठेही न्या, तक्रार नाही. परवा बेळगावला निघालो. साखळी गेली, केरी गेली, आणि चोर्ल्याच्या चढावर आचके द्यायला लागली. मी ॲक्सिलरेटर दाबतोय आणि ती मरतेय. वर पाऊस, मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून. वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर काही झालंच नाही अशी सुरू! चार वळणांनी परत तेच. शेवटी उलटा फिरलो.
आल्यावर मेस्त्रीने प्लग बदलले, कार्बोरेटरचं किट घातलं, एसी पंप नवा बसवला. काल परत केरीपर्यंत गेलो. गाडी जशीच्या तशी.
काका, तुमची हयात डेट्रॉइटच्या कारखान्यात गेली, काहीतरी सांगा.
— माजी सचिव

---

एट हंड्रेडला एसी? आमच्या वेळी काच खाली केली की झाला एसी! बरं, महाप्रसादाची नावं मंगळवारपर्यंत कळवा, मागच्या वर्षी भात कमी पडला होता.
— खजिनदार वहिनी

---

वहिनी, तो एसी वेगळा. पेट्रोल ओढणारा साधा पडद्याचा पंप. एसी म्हणजे अल्बर्ट चॅम्पियन, त्याची कंपनी आमच्या मिशिगनमधल्या फ्लिंटची. नाव तुमच्या मेस्त्रींच्या तोंडी अजून आहे.

आता तू ऐक. स्पार्क गेला तर इंजिन सहसा फट्कन बंद होतं. तुझी आचके देत, दम तुटत मरते, म्हणजे उपाशी मरते. गावात थोडं पेट्रोल पुरतं, चढावर मागणी वाढते. व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन ते अडणं, कोणीतरी सुचवेलच, पण भर पावसात मला ते पटत नाही. पुन्हा बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघड. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर हवेची वाट तुंबलीय.

नाहीतर घरी, इंजिन गार असताना: ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढ, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडून बाटलीत धर, कोणाला तरी सेल्फ मारायला सांग. पिचकाऱ्या जोरात यायला हव्यात. मरतुकड्या आल्या, तर पंपाला टाकीऐवजी कॅनमधून पेट्रोल दे. मग जोर आला तर पंप निर्दोष, चोर मागे टाकीत. बाटली तासभर ठेवून तळ बघ. आणि जवळपास सिगरेट नको, तुझ्या मामालाही सांग.

पावसाळाभर गाडी पाव टाकीवर उभी असते ना? आता तिकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. ते पाणी ओढून घेतं, फार झालं की दोघं मिळून तळाला बसतात. पत्र्याचं काय होतं ते गोव्यातल्या माणसाला मी सांगायला नको.
— काका

---

काका, दंडवत!
झाकण उघडून काही फरक नाही. टाकीतून पिचकारी तीन-चार वेळा आली, मग नुसती थुंकी. कॅनमधून धो धो. बाटलीच्या तळाला बोटभर गढूळ थर, त्यात लाल कण. सायकलच्या पंपाने पाइपातून टाकीकडे उलटी हवा मारली, आत गुडगुड झाली आणि गाडी अर्धा दिवस गुणी बाळ. मग पुन्हा रुसली.
काल टाकी उतरवली. आतल्या नळीच्या जाळीवर गंजाचा लेप, चहात बुडवलेल्या खारीसारखा लगदा. चढावर पेट्रोल जोरात ओढलं की तो जाळीला चिकटायचा, गाडी थांबली की गळून पडायचा. वीस मिनिटांचं गूढ ते एवढंच. टाकी धुतली, जाळी साफ, फिल्टर नवा, आणि रबरी पाइप आतून फुगून पापुद्रे सुटले होते म्हणून तेही बदलले. आज चोर्ला पार करून बेळगावात कुंदा घेतला.
बाबा विचारतायत, मेस्त्रीने काढून घेतलेला जुना पंप चांगलाच होता, तर तो परत मागायचा की नाही?
— माजी सचिव