दोरी बांधायचा सराव, फक्त पुरुषांचा, कोल्हापुरात. परवानगीचं कसं ठरवता?

प्रश्न: भावांनो, आम्ही पाचजण राजारामपुरीत मित्राच्या फ्लॅटवर रविवारी सराव सुरू करतोय, जपानी शिबारीसारखा (म्हणजे माणसाला दोरीनं बांधायची कला), कपडे घालूनच, सेक्स नाही, दारू नाही. मला बांधून घ्यायला आवडतं पण एकदा दुसरीकडं एकानं न विचारता दोरी छातीवरनं वाढवत नेली, तेव्हापासनं धास्ती बसलीय. काय नियम ठेवू?

उत्तर: आधी बसून बोला, मग दोरी. कुठं हात चालेल, कुठं नाही, किती वेळ. मनगटाला हो म्हटलं म्हणजे छातीला हो नसतंय. 'लाल' म्हटलं की लगेच सोडायचं, कारण विचारत बसायचं नाही. तुझ्याबरोबर झालं ते चूकच होतं भावा.

उत्तर: 6 मिमी ज्यूट घ्या, नायलॉनच्या गाठी सरकतात. दोन बोटं आत जातील एवढी सैल ठेवा. दंडाच्या बाहेरनं नस जाते, ती दबली तर मनगट उचलत नाही, म्हणून मुंग्या आल्या की थांबायचंच. बोथट टोकाची कात्री हाताशी. गळ्याला दोरी अजिबात नको, आणि बांधलेल्याला एकटं सोडून चहा करायला पण जायचं नाही.

प्रश्नकर्ता: लई आभार. पहिल्या रविवारी नुसतं बोलणं आणि एका मनगटाची गाठ, एवढंच करतो.