बड फॉस्टर: सहाय्यक म्हणूनच निवृत्त

मुख्य प्रशिक्षक होता आलं नाही म्हणजे सहाय्यकाची कारकीर्द वाया गेली, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सहाय्यक प्रशिक्षक बड फॉस्टर बघा. मरे स्टेट विद्यापीठात आधी खेळला, मग तिथेच मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमरच्या हाताखाली प्रशिक्षक झाला आणि १९८७ मध्ये त्याच्याबरोबर ब्लॅक्सबर्गला, म्हणजे व्हर्जिनिया टेकला आला. १९९५ मध्ये बचावफळीची सूत्रं हातात आली (पहिल्या वर्षी भागीदारीत), ती थेट २०१९चा हंगाम संपेपर्यंत. २००६ मध्ये देशातल्या सर्वोत्तम सहाय्यकाला मिळणारा ब्रॉयल्स पुरस्कारही मिळाला. त्याच्या बचावफळीची खूण काय, तर खाणकामगार नेतात तसला पत्र्याचा जेवणाचा डबा! खेळाडू तो अभिमानाने मिरवायचे.

खरी कसोटी वेगळीच असते. मुख्य प्रशिक्षक गेला की नवा येताना आपली माणसं घेऊन येतो. जुन्या सहाय्यकांची नोकरी जाते, घर विका, मुलांच्या शाळा बदला, सगळं आलं. त्यांचं काम चांगलं होतं की वाईट, हे कोण विचारतो? २०१५च्या हंगामानंतर बीमर निवृत्त झाला, मेम्फिसहून जस्टिन फ्युएन्टे आला आणि त्याने फॉस्टरला जागेवरच ठेवलं. असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं.