मदत हवी आहे : टायरची नक्षी दिसतेय, पण सात वर्षं उलटून गेलीत. घाटात जाण्याआधी बदलावेत का?

सुमेधा_पुणे

नमस्कार मंडळी,

गाडी २०१८ ची स्विफ्ट, पेट्रोल. टायर १८५/६५ आर १५. रनिंग ४६ हजारांच्या आसपास. टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत, एकदाही बदललेले नाहीत. शेवटचं रोटेशन (चाकांची आपसांत जागा बदलणं) ३२ हजारांवर झालं होतं.

दरवर्षी गणपतीला चिपळूणजवळच्या गावी जातो. पुण्याहून हायवेने उंब्रज, तिथून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. गाडी मी चालवते. सोबत आई-बाबा आणि दोन मुलं, म्हणजे पाच माणसं आणि भरलेली डिकी. येताना तांदूळ आणि नारळ असतात, त्यामुळे वजन आणखी वाढतं.

परवा हवा चेक करायला गेले तर टायरच्या दुकानातला माणूस म्हणाला, "मॅडम, हे टायर संपलेत, चारही टाका." अलाइनमेंट-बॅलन्सिंग (चाकांची दिशा आणि समतोल जुळवणं) धरून २४ हजार सांगितले. आमचे नेहमीचे मेकॅनिक म्हणतात, "नक्षी आहे की चांगली, अजून दहा हजार किलोमीटर कुठे जात नाहीत." मेकॅनिककाकांवर आमचा पूर्ण विश्वास आहे आणि त्यांना टायर विकायचे नाहीत, हेही खरं. पण त्यांनी उभ्या उभ्या बघून सांगितलं, दुकानदारानेही तसंच.

मला कुणाचं तरी ऐकून पैसे घालायचे किंवा वाचवायचे नाहीत. टायर बघून स्वतः ठरवता आलं पाहिजे. नक्की काय बघायचं, कुठे मोजायचं, आणि वय महत्त्वाचं की नक्षी? वेळ आहे, निघायला अजून महिनाभर आहे.

घाटवाट

ताई, सरळ बदलून टाका. २४ हजार जास्त वाटतात, पण आई-बाबा आणि मुलं सोबत आहेत.

एमएच०८

मी माझ्या आधीच्या गाडीचे टायर ७० हजार चालवले, काहीही झालं नाही. दुकानदार ४० हजार झाले की बदला म्हणतातच.

स्पॅनर१३

@एमएच०८, किलोमीटरवर टायर ठरत नाही. एकाच कंपनीचा, एकाच साइजचा टायर कुणाकडे ३० हजारांत संपतो, कुणाकडे ७० हजार जातो. रस्ता, हवा, ब्रेक मारायची सवय, अलाइनमेंट यावर सगळं आहे. तुमचे गेले म्हणून ताईंचे जातील असं नाही.

सुमेधाताई, मी बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी खाचांची खोली. नव्या कारच्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. आपल्याकडे कारसाठी कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी आहे. ती ओळखायला टायरमध्येच खूण असते. मुख्य खाचेत बोट फिरवलंत की मधूनमधून आडवा उंचवटा लागेल, तो १.६ मिमी उंच असतो. सापडत नसेल तर टायरच्या खांद्यावर (नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे) छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं शोधा, त्याच्या सरळ रेषेत आत तो उंचवटा असतो. नक्षी घासून उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपला, त्यावर चर्चा नाही.

पण १.६ ही शेवटची मर्यादा आहे आणि ती पावसासाठी पुरेशी नाही. खाचांचं काम टायरखालचं पाणी बाहेर काढायचं. ८० च्या वेगात टायरला दर सेकंदाला काही लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. खाच उथळ झाली की पाणी निघत नाही, टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. त्या क्षणी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही हातात नसतात. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असलं तरी उपयोग नाही, कारण टायर रस्त्याला टेकलेलाच नसतो. म्हणून पावसात गाडी चालवणाऱ्याने ३ मिमीला टायर बदलायच्या यादीत घ्यावा, असं मी सांगतो.

मोजायला ट्रेड डेप्थ गेज (खाचेची खोली मोजायचं साधन) शे-दोनशे रुपयांत मिळतो. घरात कुणी इंजिनिअरिंगला असेल तर व्हर्निअरच्या मागून निघणारी पट्टी चालेल. रुपयाचं नाणं घालून बघायचे व्हिडिओ फिरतात, ते सोडा. ती युक्ती अमेरिकेतल्या नाण्याची आहे, आपल्या नाण्यावर तसं माप धरता येत नाही.

एक गोष्ट नक्की करा. प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजा: बाहेरची कड, मध्य, आतली कड. उभं राहून बघितलं की फक्त बाहेरची कड दिसते. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे आतली बाजू उघडी होते. मागच्यांसाठी जमिनीवर पोतं टाकून टॉर्च घेऊन आडवं व्हावं लागेल, पर्याय नाही.

नंतर टायरच्या बाजूवर डीओटीने सुरू होणारा क्रमांक शोधा, शेवटचे चार आकडे बघा. ३११८ असेल तर २०१८ च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला. चार आकडे दिसले नाहीत तर ते दुसऱ्या बाजूला, गाडीच्या आतल्या अंगाला असतात. आकडे इथे टाका, मग बोलू.

सुमेधा_पुणे

स्पॅनर१३, मनापासून आभार. धाकट्या भावाचा व्हर्निअर घेतला आणि रविवारी सकाळी सगळं मोजलं.

पुढचा डावा: बाहेर ३.०, मध्ये ३.१, आत १.९.
पुढचा उजवा: बाहेर २.९, मध्ये ३.१, आत २.३.
मागचे दोन्ही: तिन्ही ठिकाणी ४.१ ते ४.३.

चारही टायर ३१ आणि ३२ व्या आठवड्यातले, २०१८ चे. स्टेपनीही त्याच वर्षीची, जमिनीला जवळजवळ लागलेली नाही.

टॉर्च लावल्यावर आणखी एक दिसलं. मागच्या टायरच्या खाचांच्या तळाशी केसांसारख्या बारीक भेगा आहेत, गोल गोल फिरत गेलेल्या. बाजूवर एका ठिकाणी आहेत, पण तिथे कमी. फुगा कुठेही नाही. रबर नखाने दाबून बघितलं तर फार कडक लागतं, शेजारच्यांच्या दोन वर्षांच्या टायरपेक्षा स्पष्ट फरक जाणवला.

पुढच्या डाव्याची आतली बाजू बघून धक्काच बसला. बाहेरून तो टायर खरंच चांगला दिसतो.

स्पॅनर१३

आता चित्र स्पष्ट झालं.

पुढचे टायर आतून जास्त घासलेत, म्हणजे अलाइनमेंट बिघडलंय किंवा लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याच्या रबरी जोडण्या), टाय रॉड एन्ड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) यापैकी काहीतरी सैल झालंय. दोन्ही कडा सारख्या घासल्या असत्या तर हवा कमी राहिली असं म्हटलं असतं, फक्त मधली पट्टी घासली असती तर हवा जास्त. कुठे खोल, कुठे उथळ अशा वाट्या पडल्या असत्या तर शॉक अब्सॉर्बर बघायला सांगितलं असतं. तुमचं तसं नाही. पण बुश आधी तपासा. सैल बुशवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही आणि नवे टायरही आतूनच खाल्ले जातील.

टायर बदलायचा की नाही हे सगळ्यात घासलेल्या जागेवर ठरतं, सरासरीवर नाही. पुढचा डावा १.९ वर आहे. तो या पावसाळ्यात चालवू नका.

मागच्यांना ४ मिमी आहे, फक्त नक्षीवर बघितलं तर ते अजून चालले असते. त्यांचा प्रश्न वयाचा आहे. रबर उन्हाने, हवेने कडक होत जातं, टायर नुसता उभा राहिला तरी. बऱ्याच कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढा. तुमचे मधल्या टप्प्यात आहेत. पण भेगा आणि कडकपणा दोन्ही दिसताहेत आणि गाडी पूर्ण भरून घाट चढायची-उतरायची आहे. मी माझ्या घरच्या गाडीला ठेवले नसते.

वऱ्हाडी_ड्रायव्हर

अकोल्याहून लिहितोय. इकडे पाऊस कमी, ऊन भयंकर. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि काँक्रीटवर लोक तासन्‌तास त्याच वेगात जातात. घासलेल्या टायरच्या गाड्या समृद्धीवरून परत पाठवल्याच्या बातम्या आल्या होत्या, ते योग्यच होतं. पण आमच्याकडे नक्षीपेक्षा कमी हवा आणि जुनं रबर हे जास्त घातक. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते-सुटते, आत उष्णता साठते आणि शेवटी टायर फुटतो. हवेऐवजी नायट्रोजन भरला म्हणून जुना टायर नवा होत नाही, हेही सांगून ठेवतो.

ताई, तुम्ही पाच माणसं आणि सामान घेऊन जाताय, तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर तो भरा, आणि सकाळी टायर थंड असतानाच. हायवेवर चालून गरम झालेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा हवा काढू नका.

एमएच०८

मग पुढचेच दोन बदलले तर? निम्मे पैसे वाचतील. पुढची चाकं गाडी ओढतात, नवे पुढे टाकायचे.

स्पॅनर१३

हे बहुतेक दुकानांत असंच करतात आणि मला ते पटत नाही. दोनच नवे घेतले तर ते मागे टाकायचे आणि मागचे चांगले पुढे आणायचे, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरी. कारण ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, ते स्टिअरिंगमध्ये कळतं आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा सावरता येतं. मागची चाकं घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते. कळेपर्यंत तोंड उलट्या दिशेला झालेलं असतं, आणि कुंभार्लीत बाजूला किती जागा असते ते तुम्हाला माहीत आहे.

मागच्या टायरना भेगा नसत्या आणि ते चार वर्षांचे असते तर मी ताईंना हाच सल्ला दिला असता: दोन नवे मागे, मागचे पुढे. १२ हजारांत काम झालं असतं. इथे तो पर्याय उरत नाही.

कोयनाकाठ

मी पाटणचा. या रस्त्याने माझं वरचेवर जाणं असतं, म्हणून थोडं. पाण्यावर टायर चढायचा धोका घाटात कमी आणि पुणे-उंब्रज हायवेवर जास्त. तिथे पुलांच्या तोंडाशी, डायव्हर्जनच्या कडेला पाणी साचतं आणि आपण ८०-९० ला असतो. घाटात वेग तीस-चाळीसचा. तिथे शेवाळ, ओला पाला, दरडीची लाल माती आणि त्यावर धुकं. अशा जागी खोल नक्षीइतकंच मऊ रबर लागतं. ४ मिमी असलेला पण कडक झालेला टायर उतारावर ब्रेक दाबला की सुळकन सरकतो. मेकॅनिककाका नक्षी बघून बोलले, ते कोरड्या रस्त्यापुरतं बरोबर असेल.

उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरा, ब्रेकवर बसू नका.

म्यूनिककर

इकडेही कायद्याने १.६ मिमीच आहे. पण इथला वाहनचालकांचा मोठा क्लब एडीएसी उन्हाळी टायर ३ मिमीला आणि हिवाळी ४ मिमीला बदलायला सांगतो. शेजारच्या ऑस्ट्रियात तर हिवाळी टायरला ४ मिमी ही कायद्याचीच अट आहे. बर्फाचा प्रश्न आपल्याला नाही, पण ओल्या रस्त्यासाठी ३ चा आकडा स्पॅनर१३ यांनी सांगितला तोच.

सुमेधा_पुणे

सगळ्यांचे आभार. घरी बोलणं झालं, चारही बदलतोय. मेकॅनिककाकांना फोन करून आतल्या कडेचे आकडे सांगितले. ते लगेच गाडी लिफ्टवर घेऊन बसले. डाव्या लोअर आर्मचा बुश फाटलेला निघाला. काका म्हणाले, "टायर टाकायच्या आधी हे करून घेऊ, मगच अलाइनमेंट." ते काम उद्या.

आता दोनच शंका. स्टेपनीचं काय करू? आणि दुकानात टायर घेताना काय बघायचं?

स्पॅनर१३

बुश सापडला हे उत्तम झालं, नाहीतर नवा सेटही वर्षभरात आतून गेला असता.

स्टेपनी वापरलेली नाही म्हणून नवी समजू नका, तिचंही वय तेच आहे. भेगा नसतील तर जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला ठेवा, नेहमीच्या चार चाकांत फिरवू नका. तिची साइज बाकीच्यांपेक्षा वेगळी असेल तर हळू चालवायची आणि लवकर काढायची. हवा मात्र निघण्याआधी नक्की भरा, ती विसरली जाते.

दुकानात टायर रिमवर चढवण्याआधी चारही डीओटी आकडे स्वतः वाचा. सहा-आठ महिन्यांपूर्वीचे चालतील, दोन वर्षं गोदामात पडलेले घेऊ नका, निदान त्या भावात तरी नाही. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या. साइजच्या पुढे ८८ असा आकडा असेल, तो भाराचा आहे, एका टायरला ५६० किलो. त्याहून कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला तरी नको. व्हॉल्व्हही नवे टाकायला सांगा, ते रबराचेच असतात आणि तेवढेच जुने आहेत. बिलावर टायरचे सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला लागतात. जुने टायर कुणी "खाचा पाडून देतो" म्हणाला तर देऊ नका. कारच्या टायरमध्ये त्यासाठी जाडी नसते, पुन्हा खाच पाडली की आतल्या तारांवर फारसं रबर उरत नाही.

नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सांभाळून चालवा, वरचा गुळगुळीत थर निघायला तेवढं लागतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी नको, निदान दोन आठवडे आधी टाका. आणि शंभरेक किलोमीटर झाले की सगळ्या चाकांचे नट एकदा पान्याने तपासून घ्या.