गणित शिक्षकांच्या डिजिटल प्रशिक्षणाची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न – गणित शिक्षिका, ऐरोली
आमच्या व शेजारच्या मराठी माध्यमाच्या शाळांतील नववी-दहावीच्या बारा गणित शिक्षकांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण घेण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. मी स्वतः अशा एका प्रशिक्षणाला बसले होते, तेव्हा दिवसभर एकामागून एक संकेतस्थळे दाखवली गेली आणि वर्गात परतल्यावर त्यांतले काहीच वापरता आले नाही. जिओजेब्रा (गणिती आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअर), फेट (गणित-विज्ञानाच्या हलत्या प्रतिकृतींचे संकेतस्थळ), दीक्षा (शासनाचे शैक्षणिक व्यासपीठ) हे सारे दाखवावे की एकच साधन निवडावे? शिवाय, मोफत मिळणारे साहित्य आपण बदलून, छापून वाटू शकतो का?

उत्तर – निवृत्त शिक्षक, ठाणे
मॅडम, साधन नव्हे, प्रमेय निवडा. दहावीतील ‘एकाच कंसात आंतरलिखित झालेले कोन एकरूप असतात’ हे विधान घ्या आणि जिओजेब्रामध्ये वर्तुळावर अ, ब, क हे बिंदू घेऊन प्रत्येक शिक्षकाला क स्वतःच्या हाताने सरकवू द्या. क पाशी होणारा कोन समजा 50 अंश असेल, तर तो तेवढाच राहतो, पण क हा अब या जीवेच्या दुसऱ्या बाजूला गेला की पडद्यावर एकदम 230 दिसते, कारण हे सॉफ्टवेअर कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजते. वर्गात नेमके येथेच शिक्षक गोंधळतात. कोनाची मर्यादा 0 ते 180 अंश अशी ठरवली की 130 दिसते आणि चक्रीय चौकोनाचे प्रमेय (समोरासमोरच्या कोनांची बेरीज 180 अंश) आपोआप समोर येते. माझ्या मते या एका आकृतीवर अर्धा दिवस खर्च करणे योग्यच आहे.

उत्तर – अध्यापक विद्यालयातील प्राध्यापिका, नेरुळ
सरांशी सहमत आहे. मात्र बिंदू शंभर ठिकाणी सरकवून पाहणे म्हणजे सिद्धता नव्हे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. आकृतीने अंदाज बांधावा आणि सिद्धता वहीत लिहावी.

आता दुसरा प्रश्न. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ मोफत उतरवता येते, पण तिचे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे आहेत. मुक्त शैक्षणिक साहित्य ही संज्ञा युनेस्कोच्या 2002 मधील बैठकीत रूढ झाली. त्यात साहित्य बदलण्याची आणि पुन्हा वाटण्याची परवानगी अभिप्रेत असते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे निर्मात्याने इतरांना वापराची मुभा आधीच देणाऱ्या, परवान्यात ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदललेले रूप वाटू नये) ही अक्षरे असतील, तर केलेले भाषांतरही वाटता येत नाही. म्हणून प्रत्येक शिक्षकाला परवान्याची ओळ शोधायला लावा.

उत्तर – गणित शिक्षक, कळवा
इंटरनेटवर विसंबू नका. जिओजेब्रा आधीच संगणकावर उतरवून ठेवा. सरावासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमाचे सॉफ्टवेअर शिकवणारे ध्वनिचित्र पाठ उपयोगी पडतात, कारण ते पाहताना शिक्षक प्रत्येक कृती थांबून स्वतः करतो.

प्रश्नकर्त्या शिक्षिका
आपणा सर्वांचे आभार. पहिला दिवस या एकाच आकृतीचा आणि परवान्यांचा ठेवते. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या पुढच्या आठवड्यातील धड्यासाठी एक आकृती तयार करून ती इतरांसमोर शिकवावी, असे ठरवले आहे.