पीजींचे फीडबॅक फॉर्म बंद करा म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

कॅम्पातला ईएनटी:

काल आपल्या बेळगावकडच्या डॉक्टर मंडळींच्या ग्रुपवर एका ज्येष्ठ सरांची पोस्ट आली. पीजी पोरांकडून, म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांकडून, शिक्षणाबद्दल फॉर्म भरून घेणं हे परदेशी खूळ आहे, पोरं मास्तरांना मार्क द्यायला लागली की शिस्त संपली, आम्ही शिव्या खाऊन शिकलो आणि चांगले सर्जन झालो, असा तिचा मथितार्थ. खाली नमस्कारांची रांग. माझ्या डोक्यातून ते जाईना, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

फॉर्म वाईट पद्धतीनं भरून घेतात हे खरंच आहे. मी पीजी असताना सेमिनार संपला की डिपार्टमेंटचा क्लार्क कागद वाटायचा. वर ‘नाव लिहू नये’ असं छापलेलं आणि त्याच्या खालच्याच ओळीत वर्ष आणि युनिट. आमच्या वर्षाला आम्ही तिघं! एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, समोर खुर्चीत बसलेले. एकच पेन फिरायचं, सगळे ‘उत्तम’वर खुणा करायचे, कागद परत. माझ्या सोबत्यानं एकदाच खरं लिहिलं, की ओटीत (ऑपरेशन थिएटरात) नुसता रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरायचं अवजार, धरायला मिळतो, नाइफ हातात येत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस त्याचं नाव ओटी लिस्टवर आलं नाही, कॅज्युअल्टीच्या ड्यूटीवर मात्र यायचं.

म्हणून फॉर्मच नको म्हणायचं? ज्याच्या सहीवर थिसीस आणि लॉगबुक अडतं, त्याच्या हातात फॉर्म जाऊ नये, एवढंच यातून निघतं. विद्यापीठानं तो थेट घ्यावा. लहान डिपार्टमेंटची तीन वर्षांची उत्तरं एकत्र झाल्यावरच उघडावीत. आणि त्यातून काय बदललं ते नोटीस बोर्डावर लावावं. ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल दरवर्षी सगळ्या ट्रेनी डॉक्टरांचा सर्व्हे घेते, हॉस्पिटलवार निकाल कुणालाही बघता येतात, आणि तिघांपेक्षा कमी उत्तरं असतील तिथला निकाल दाखवत नाहीत. अमेरिकेत डॉक्टरांच्या ट्रेनिंगला मान्यता देणारी एसीजीएमई निदान 70 टक्के रेसिडेंटांची, म्हणजे तिथल्या ट्रेनी डॉक्टरांची, उत्तरं मागते. आपल्याकडे इन्स्पेक्शनच्या फाईलला लावायला कागद हवा असतो, म्हणून तो भरला जातो. माझं भांडण त्या फाईलशी आहे.

जुना सर्जन, चिकोडी:

ती पोस्ट माझी नाही, पण नमस्कार करणाऱ्यांत मी होतो आणि परत करेन.

डॉक्टरसाहेब, विद्यार्थ्याला आवडतो तो शिक्षक चांगला, हे गृहीतकच चुकीचं आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत यावर अभ्यास झाला, 2010 साली छापून आला. ज्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी भरभरून गुण दिले, त्यांचे विद्यार्थी त्या वर्गात चमकले आणि पुढच्या वरच्या वर्गात मागे पडले. शल्यचिकित्सेत हे जास्तच खरं आहे. मी मिरजेकडं शिकलो. आमचे सर मॉप काउंट, म्हणजे रक्त टिपायला पोटात घातलेल्या कापडांची मोजणी, तीनदा करून घ्यायचे आणि चुकलं की अख्ख्या ओटीसमोर पाणउतारा करायचे. त्या काळी फॉर्म असता तर आम्ही सगळ्यांनी त्यांना शून्य दिलं असतं. पुढे माझ्या स्वतःच्या थिएटरात सिझेरियनच्या केसमध्ये एक मॉप कमी भरला, सिस्टर म्हणाली बादलीत असेल, आणि मी पोट बंद करायला नकार दिला. मॉप आत सापडला. ती बाई आज नातवंडं खेळवते. आता सांगा, हा गुण तुमच्या कुठल्या रकान्यात बसतो?

स्त्रीरोग सेकंड इयर:

सर, तुमच्या सरांबद्दल आदर आहे. पण मॉप तीनदा मोजायला लावणं आणि पाणउतारा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही पहिलीचं श्रेय दुसरीला देताय. मॉप मोजायला मलाही शिकवलं. शिवी न देता शिकवलं.

मॅडम आवडतात का, हे मला कुणी विचारूच नये. रात्री दोनला पीपीएच (बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव) आल्यावर फोन केला तेव्हा कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर, आले का, हे विचारा. स्वतः किती सिझेरियन केली, ड्यूटीनंतर झोपायला मिळालं का, हे विचारा. ही आवडीनिवडीची उत्तरं नाहीत, घडलेल्या गोष्टींची आहेत. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात आर. जी. कर मेडिकल कॉलेजात ड्यूटीवरच्या ट्रेनी डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर आमच्याकडेही एक ऑनलाइन फॉर्म आला. आम्ही सगळ्या मुलींनी एकच लिहिलं: ड्यूटी रूमला आतून कडी नाही. वर्षानुवर्षं तोंडी सांगत होतो. लेखी गेल्यावर कडी बसली, कॉरिडॉरमध्ये दिवा लागला. तुम्हाला ही गोष्ट लहान वाटेल, पण मी आता त्या खोलीत झोपू शकते.

जुना सर्जन, चिकोडी:

कडीला माझा विरोध कशाला असेल? ती फॉर्मविनाच असायला हवी होती, आणि नव्हती ही आमच्या पिढीच्या प्रशासकांची लाज आहे. पण कडी बसवणं आणि शिक्षकाची किंमत ठरवणं एकाच कागदावर आणू नका.

आणि कागदानं बदलतं म्हणता, तर हे घ्या. 1992 च्या केंद्राच्या रेसिडेन्सी आदेशात लिहिलंय, सलग ड्यूटी 12 तासांवर नको, आठवड्याला 48 तास. 2024 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरच्या राष्ट्रीय टास्क फोर्सनं 5,337 पीजींकडून प्रश्नावली भरून घेतली आणि शिफारस काय केली? आठवड्याला 74 तासांवर नको. बत्तीस वर्षांत 48 चे 74 झाले. कुठल्या सर्व्हेनं कुणाचं भलं झालं?

कॅम्पातला ईएनटी:

सर, हा मुद्दा तुमचा बिनतोड आहे आणि तो माझ्याच बाजूनं जातो. 2023 च्या पीजी नियमावलीत आठवड्याची सुट्टी लिहिली आहे, वर्षाला 20 कॅज्युअल रजा लिहिल्या आहेत. त्या मिळतात का, हे विचारणारं दरवर्षी कुणी नाही, म्हणून ते कागदावर राहतं.

खानापूरची:

मी डॉक्टर नाही, बीपी-शुगरच्या आईला घेऊन हॉस्पिटलच्या पायऱ्या झिजवणारी मुलगी आहे. तुम्ही सगळे एकमेकांना फॉर्म देताय. पेशंटला कोण विचारणार?

माझ्या आईला डिस्चार्जच्या वेळी अभिप्रायाचा कागद दिला, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. ती चौथी मराठी शिकलेली. सही कुठं करायची एवढंच तिनं विचारलं. ऑपरेशनच्या संमतीपत्राचंही तसंच. ज्या तालुक्यात अल्पसंख्याक भाषेचे लोक 15 टक्क्यांवर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्यायच्या, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीचं देशपातळीवरचं धोरण आहे. खानापुरात आम्ही 15 टक्के नाही, निम्म्याहून जास्त आहोत. तरी कागद नाही. मग त्या अभिप्रायावरून कुणाचं काय सुधारणार?

गोकाक रोड:

आलं का फिरून सीमाप्रश्नावर? 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे ते, तिथं राहू द्या की. इथं पीजीच्या ट्रेनिंगवर बोलालेत तर दर खेपेला तेच कशाला ओढालाय? बेळगावात राहून कन्नड शिकायला काय होतंय? मी मराठी घरातला, दुकान कन्नडमध्ये चालवतोय.

खानापूरची:

तुमच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असतं. माझी आई स्ट्रेचरवर होती. ती वयाच्या साठाव्या वर्षी तिथं कन्नड शिकणार होती का? आणि कन्नडला मी नावं ठेवलेली नाहीत, तुम्ही ते माझ्या तोंडी घालू नका. कन्नड ठेवा, इंग्रजी ठेवा, तिसरा कागद मराठीत जोडा, एवढीच मागणी आहे. यात कुणाचं राज्य जात नाही.

मेडिसिन फर्स्ट इयर, कोल्हापूर:

ताईंचं म्हणणं विषयाबाहेरचं नाही. मी ऑल इंडिया कौन्सेलिंगमधून, म्हणजे देशभरच्या प्रवेशप्रक्रियेतून, कोल्हापूरहून इकडे बेळगावला आलो. वॉर्डात गोकाक, रायबाग, बैलहोंगलचे पेशंट, मला कन्नड ओ की ठो येत नाही. पहिले काही महिने हिस्ट्री, म्हणजे पेशंटच्या त्रासाची हकिगत, आयाबाईंनी घेतली असं म्हटलं तरी चालेल. आजोबा छातीत काय होतंय ते लांबलचक सांगायचे आणि मला भाषांतर मिळायचं, ‘दुखतंय म्हणतात’. जळजळतं की दाबल्यासारखं होतं की हातात जातं, यावर तर सगळं निदान. माझा सोबती राजस्थानचा, त्याला कन्नडही नाही आणि खानापूरकडचे पेशंट आले की मराठीही नाही. एमबीबीएसला सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा असते. पीजीला आमच्याकडे कुणी काही शिकवलं नाही, थेट वॉर्डात सोडलं. सर्व्हेत हा प्रश्न हवा: पेशंटची भाषा शिकायला तुम्हाला काय मदत मिळाली? आमच्या फॉर्ममध्ये ‘ग्रंथालय समाधानकारक आहे का’ यावर चार प्रश्न होते.

गोकाक रोड:

हे पटलं. असं आधीच सांगायचं होतं. दोन्हीकडचे पेशंट भरडले जातायत म्हटल्यावर भांडण नाही माझं. ताई, मराठी कागद असू दे. पण गोकाकच्या म्हाताऱ्यासाठी कन्नड येणारा डॉक्टरपण तुम्ही मागा.

खानापूरची:

मागते. आधीही नाही म्हटलं नव्हतं.

निपाणीचा भूलतज्ज्ञ:

मूळ प्रश्नाकडे येऊ. ईएनटी सरांच्या योजनेत एक मोठं भोक आहे. आणखी काही जण ग्रुपवर म्हणत होते की डिग्री हातात आली की फॉर्म घ्यावा, मग भीती राहत नाही. राहते. मी पास होऊन निपाणीत आलो. माझा अवघड पेशंट मी कुठं पाठवतो? बेळगावला, माझ्याच सरांकडे. नाहीतर कोल्हापूरला, तिथंही त्यांचेच बॅचमेट. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या सभेत समोर तेच, कॉन्फरन्सच्या स्टेजवर तेच. लंडनचा ट्रेनी दुसऱ्या शहरात जाऊन विसरू शकतो, आपलं वर्तुळ इथून तिथवर. इथं निनावी असं काही नसतं. वाक्याच्या ढबीवरून ओळखतात कुणी लिहिलंय ते.

माझ्या मते योग्य वेळ एकच आहे, डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे तीन महिने. तेव्हा पोरगा आपल्या डिपार्टमेंटपासून लांब जिल्हा रुग्णालयात असतो, रोजचा राऊंड एचओडीसोबत नसतो, सगळ्या विषयांची पोरं एकत्र असतात. तिथं घ्या, आणि मोकळी जागा न ठेवता फक्त खुणा करायचे प्रश्न ठेवा.

स्त्रीरोग सेकंड इयर:

वेळेचं पटलं, मोकळ्या जागेचं नाही. कडी आम्ही मोकळ्या जागेतच लिहिली होती. तो प्रश्न छापलेलाच नव्हता.

निपाणीचा भूलतज्ज्ञ:

हं. मग मोकळी जागा ठेवा, पण ती विद्यापीठातल्या माणसानं वाचून सारांश करून पाठवावी. मूळ वाक्य डिपार्टमेंटला जाऊ नये.

जुना सर्जन, चिकोडी:

सगळं वाचलं. रात्री कन्सल्टंट आले का, किती केसेस स्वतः केल्या, सुट्टी मिळाली का, भाषा कोण शिकवतं, हे प्रश्न विचारायला माझी हरकत नाही. ओटीत हात चालवायला न देणारा शिक्षक मलाही नको आहे. असे पाहिलेत मी, आणि गप्प बसलेले इतर शिक्षकही पाहिलेत. पण शिक्षकाला दहापैकी गुण देणारा एकही प्रश्न त्यात असेल तर मी विरोधात उभा राहीन. आणि डिपार्टमेंटच्या नावासकट निकाल जाहीर करणं मला अजिबात मान्य नाही. आपल्या गावात उद्या त्याचे स्क्रीनशॉट पेशंटच्या नातेवाइकांच्या हातात असतील.

कॅम्पातला ईएनटी:

सर, गुणांचा प्रश्न मी काढून टाकला. पण जाहीर करण्यावर आपलं जमणार नाही. नाव झाकून निकाल ठेवला तर तो परत त्याच फाईलमध्ये जाईल. पुढच्या वर्षी सीट घेणाऱ्या पोराला कळायला हवं की कुठं हात चालवायला मिळतो आणि कुठं तीन वर्षं रिट्रॅक्टर. आज त्याला ते फक्त ओळखीच्या सीनियरकडून कळतं, आणि ज्याची ओळख नाही तो फसतो. पहिली तीन वर्षं निकाल फक्त विद्यापीठ आणि कॉलेजकडे राहू दे, सुधारायला वेळ मिळू दे, चौथ्या वर्षी नावासकट. यापेक्षा खाली मी येणार नाही.

प्रश्नांची यादी उद्या रात्री इथं टाकतो. तुम्हाला नको तो खोडा आणि का खोडला ते लिहा. खानापूरच्या ताई, पेशंटचा मराठी कागद तुम्ही आणि मेडिसिनवाले मिळून लिहा, मी तपासून देतो.

जुना सर्जन, चिकोडी:

यादी टाका. जाहीर करण्याचं कलम मी खोडणार, आत्ताच सांगून ठेवतो.