मिलिबँडनी लंडन सोडलं, तो त्याग की बढती?

वडगावकर: एम.ए.च्या पोरांत काल राल्फ मिलिबँड ह्या ब्रिटनमधल्या मार्क्सवादी राज्यशास्त्राच्या प्राध्यापकावरनं वाद पेटला म्हणून इथं टाकतोय. बेल्जियममधला ज्यू पोरगा, १९४० ला हिटलरची फौज आली तसा बापाबरोबर बोटीतनं इंग्लंडला, वय १६, बॉम्बनं पडलेल्या घरातलं सामान उचलायचं काम, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला हॅरॉल्ड लास्की ह्या समाजवादी प्राध्यापकाच्या हाताखाली शिकून १९४९ पासून तिथंच मास्तर. १९६९ ला विद्यार्थ्यांचं आंदोलन चिघळलं, रॉबिन ब्लॅकबर्न ह्या लेक्चररला काढलं, बाकी बरेच गप्प. मिलिबँडला ते सोसलं नाही, शेवटी तिथलं काम सोडलंच. प्राध्यापक असावा तर असा!

निपाणीकर: ब्लॅकबर्नला काढलं १९६९ ला, हे मिलिबँड गेले १९७२ ला, आणि गेले कुठं तर लीड्सला प्रोफेसर, वर डिपार्टमेंटचे हेड. ह्याला आमच्यात बढतीवर बदली म्हणत्यात ओ. आई माझी तंबाखूच्या वखारीत चाळणीवर, सांजचं नाक पुसलं की पदर पिवळा. १९८१ ला निपाणीत तंबाखूच्या शेतकऱ्यांवर पोलिसांच्या गोळ्या चालल्या, राज्य कुणाचं असतंय ते तिला पुस्तक न वाचताच कळलं.

वडगावकर: आईंचं खरं हाय, पण मिलिबँडच्या पुस्तकानं तेच तर मांडलं की. 'द स्टेट इन कॅपिटलिस्ट सोसायटी' त्याच १९६९ चं. निवडून आलेलं सरकार म्हणजे सगळं राज्य नव्हे, जज, सेक्रेटरी, फौजेचे वरचे साहेब सगळे त्याच वरच्या घरातले, मग मजुरांचा पक्ष निवडून आला तरी कारभार तोच. निकोस पुलांझास हा दुसरा मार्क्सवादी म्हणाला, माणसं कुठल्या घरातली हा मुद्दाच नाही, रचनाच तशी असती, त्यावर दोघांची चांगली जुंपली. (मला पुलांझासचं जास्त पटतं, खरं वाचताना झोप येती.)

निपाणीकर: आणि मिलिबँडनी १९६१ ला ब्रिटनच्या लेबर म्हणजे मजूर पक्षाकडनं समाजवाद येत नाही म्हणून अख्खं पुस्तक लिहिलं, आणि पोरगा एड २०१० ला त्याच पक्षाचा नेता. घरातच पटलं नाही होय?

खानापूर_गेस्ट: पोराचं बापाच्या माथी कशाला. बाप १९९४ लाच गेला, आणि एड जन्मला डिसेंबर १९६९ ला, थोरला चार वर्षांचा, अशात तीन वर्षं पगार घेतला तर मी तरी नावं ठेवणार नाही. मी गेस्ट लेक्चरर, तासावर पैसे, ते पण अडकलेले. गेल्या जूनमध्ये आमच्यातल्या एका सरांना कॉलेजनं पुढच्या तासांसाठी फोनच केला नाही, पगाराचं विचारलं होतं एवढंच. त्यांचा कप अजून स्टाफरूमच्या खिडकीत हाय. आम्ही सगळे गप्प, मी पण.

निपाणीकर: मग आता तरी बोलणार काय?

खानापूर_गेस्ट: निवेदन लिवलंय. सह्या दोन झाल्यात, एक माझी.